बाहेर म्हणजे कुठे?

"बाई, दोन लिटरची रिकामी बाटली आहे का हो तुमच्याकडे? कोल्ड्रिंकची?"

रात्रीचे साडेनऊ वाजलेले, आषाढातला पाऊस कोसळतोय, आणि भिंतीपलीकडून वहिनींची हाक. मुलुंड पूर्वेला आमच्या दोन सोसायट्या पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. मधे छातीएवढी भिंत. आम्ही दोघीही तळमजल्यावर, दोघींच्याही मोरीचं दार भिंतीकडे. गेली बावीस वर्षं या भिंतीवरून साखर गेली, विरजण आलं, कढीपत्ता गेला, आणि दोन्ही कमिट्यांमधली भांडणं ताजी ताजी इकडून तिकडे झाली. पण रिकामी बाटली आजवर कुणी मागितली नव्हती.

"नाही हो. आमच्याकडे कुणी पीतच नाही ते. आत्ता कशाला हवी?"

"बंड्याच्या शाळेत उद्या 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' आहे. कार्ट्यानं झोपता झोपता सांगितलं."

अर्ध्या तासानं वहिनींच्या मोरीतून घळाघळा आवाज आला. मुलगा छत्री घेऊन नाक्यावर जाऊन दोन भरलेल्या बाटल्या घेऊन आला होता. इतक्या रात्री पिणार कोण? प्रत्येकी एकेक पेला प्यायले आणि बाकीचं मोरीत. टाकाऊपासून टिकाऊ करतात हे ठाऊक होतं. टाकाऊ विकत आणतात हे त्या रात्री कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचे कप भिंतीवर ठेवून सविस्तर वृत्तान्त झाला. रात्री एक वाजेपर्यंत मुलगा आणि सून ग्लू गन घेऊन बसले होते. बाटलीचा पेंग्विन झाला. त्याला काळा रंग, नवा. नारिंगी फेल्ट, नवं. डोळे तर तयारच मिळतात, पाकिटात बारा. वहिनींचा नातू बंड्या सीनियर केजीत. तो गाढ झोपलेला. सकाळी उठला तर टेबलावर पेंग्विन. त्यानं विचारलं, "हा कुणाचा?"

"आणि बक्षीस?" मी विचारलं.

"दुसरं! पहिलं त्या सी विंगमधल्या मुलीला. तिची आई सांगत होती की आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आम्ही दोघींनी मिळून केलं. बाई, त्या काड्यांना आइस्क्रीम कधी लागलंच नव्हतं! स्टेशनरीवाल्याकडे शंभराचं बंडल मिळतं, मी स्वतः पाहिलंय. आता तर म्हणे तो अख्खं किटच ठेवतो. काड्या, मणी, टिकल्या, बाटलीसकट."

"म्हणजे कचऱ्याचं किट."

"कोरा करकरीत कचरा हो!"

दोघी हसलो. पण वहिनींचा चेहरा लगेच उतरला. "पेंग्विन आता काय करू? टीव्हीवर ठेवला तर पडतो. भंगारवाल्याला दाखवला, तर तो म्हणाला, रंग आणि डिंक लावलेली बाटली नको, साधी असती तर घेतली असती."

हे ऐकून मात्र मी चहा खाली ठेवला. चांगली भंगारात जाणारी बाटली, तिचा आपण रात्री एकपर्यंत जागून पक्का कचरा केला. वर त्याला बक्षीस.

आता माझं सांगायचं तर मी बालवाडीची बाई. सत्तावीस वर्षं चार-पाच वर्षांच्या पोरांत काढली. म्हणून अख्खी गल्ली मला 'बाई' म्हणते, भाजीवालासुद्धा. निवृत्त झाले तरी असं काही ऐकलं की माझा पदर आपोआप कमरेला खोचला जातो.

"वहिनी, ताराबाई मोडकांचं नाव ऐकलंय?"

"झाली बाईंची शाळा सुरू," असं म्हणत वहिनींनी भिंतीवर कोपर टेकलं. म्हणजे परवानगी.

ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं, हे पुष्कळांना माहीत असतं. पण खरी गंमत पुढे आहे. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, डहाणूच्या पलीकडे, आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत. तिथे मुलांना शिकवायला माँटेसरीबाईंची ती गुळगुळीत, महागडी लाकडी साधनं कुठून आणायची? मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. शंख, शिंपले, चिंचोके, बिया, पानं, गोटे, माती. मोजायला चिंचोके, लहान-मोठं लावायला शिंपले. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथेही तेच. आम्हाला प्रशिक्षणात हे शिकवलं, तेव्हा 'वेस्ट' हा शब्द कुणी उच्चारलाही नव्हता. वस्तू पडलेली आहे, मुलाच्या हाताला ती हवी आहे, एवढा साधा हिशेब.

"आणि आपण काय करतो? मूल झोपवतो आणि आपले हात चालवतो."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, मग तुम्ही करा काहीतरी. रविवारी बंड्याला पाठवते. तुमची चिमी आहेच. नाहीतरी पावसात दोघं माझा सोफा फाडतात."

अशी आमची भिंतीवरची शाळा सुरू झाली. चिमी म्हणजे माझी नात, दुसरीत आहे आणि स्वतःला हेडबाई समजते.

पहिल्या रविवारी मी फक्त एक पाण्याची बादली ठेवली. बंड्या म्हणाला, "आज क्राफ्ट नाही?" म्हटलं, "आज बुडवाबुडवी." बाटलीचा एक तुकडा मी कात्रीनं कापून दिला, कडा घासून. बाटलीचंच झाकण. दुधाच्या पिशवीचा तुकडा. थर्माकोलचा गोळा. चमचा. आधी सांगायचं काय बुडेल आणि मग टाकायचं. बंड्या छातीठोकपणे म्हणाला, झाकण जाड आहे म्हणून बुडेल, तुकडा पातळ म्हणून तरंगेल. झालं नेमकं उलटं. झाकण तरंगलं आणि पातळसा तुकडा आपला तळाला जाऊन बसला. त्यानं तो तीन वेळा काढून परत टाकला. शेवटी बादलीला लाथ मारली.

मग त्यांना बाटलीच्या बुडाशी असलेला छोटा त्रिकोण दाखवला. त्यात आकडा असतो. बाटलीवर एक. झाकण वेगळ्या जातीच्या प्लास्टिकचं, ते पाण्याहून हलकं. बाटलीचं प्लास्टिक पाण्याहून जड. हवा भरलेली अख्खी बाटली तरंगते म्हणून फसायला होतं. आणि हा पोरखेळ नाही बरं का. प्लास्टिकचा चुरा करणाऱ्या कारखान्यांत अशाच पाण्याच्या टाक्या असतात. झाकणांचा चुरा वर येतो, बाटल्यांचा खाली बसतो, आणि न निवडता निवडलं जातं. दोन जाती मिसळल्या तर पुढचा माल खराब.

त्यानंतर आठवडाभर दोन्ही सोसायट्यांतल्या डब्यांची बुडं पोरांनी उलटी करून पाहिली. वहिनींच्या डाळीच्या डब्यावर पाच निघाला, डाळीसकट. दोन किलो तूरडाळ ओट्यावर.

"बाई, तुमची शाळा मला महागात पडतेय हो!" भिंतीवरून आवाज आला.

"कोल्ड्रिंकपेक्षा स्वस्त आहे," म्हटलं.

दुसऱ्या रविवारी लोहचुंबक. फ्रिजवरचं फळांचं स्टिकर काढून दिलं, मागे चुंबक असतो. पत्र्याच्या डब्याला चिकटलं. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला नाही. वहिनींच्या लग्नातल्या स्टीलच्या ताटाला चिकटेना, तेव्हा वहिनींच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "म्हणजे माहेरच्यांनी खोटं स्टील दिलं?" मी समजावलं, की चांगल्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असतं, त्याला बहुधा चुंबक चिकटत नाही, उलट हे बरंच आहे. त्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की संध्याकाळी जावेला फोन करून तिच्या ताटाला चुंबक लावून बघायला सांगितलं. तिचं चिकटलं. दोन दिवस वहिनी हवेत होत्या.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे नाना खाली उतरायला लागले. नाना म्हणजे आमच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांना पोरांपुढे बोलायला मिळालं, की त्यांचा गुडघा दुखत नाही.

एके दिवशी चिमी केळं खाऊन म्हणाली, "साल बाहेर टाकू?" नानांनी तिला अडवलं.

"बाहेर म्हणजे कुठे?"

"डब्यात."

"मग डब्यातून?"

"गाडीत."

"आणि गाडीतून?"

चिमी वैतागली. "बाहेर! लांब!"

"अगं, लांब काय लांब! हायवेच्या पलीकडे, हरिओम नगरच्या बाजूला, ते 'लांब' होतं. आपलं मुलुंड डम्पिंग."

वहिनींनी नाकाला पदर लावला. आता वास नव्हता, पण आठवण होती. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा एजंटनं फ्लॅट मुद्दाम सकाळी दाखवला होता, वारा उलटा असताना. संध्याकाळी कळलं. पाहुणे आले, की आम्ही खिडक्या लावून उदबत्ती लावायचो आणि म्हणायचो, आज जरा जास्तच आहे नाही? रोजच जास्त असायचं. पन्नासेक वर्षं तिथे कचरा पडत होता, सुमारे २४ हेक्टर जागेवर. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते बंद झालं, तेव्हा जवळजवळ ७० लाख टन कचऱ्याचे डोंगर उभे होते. त्यानंतर ते उपसायचं काम चालू झालं.

"उपसून कुठे नेतात?" वहिनी.

"चाळतात," नाना म्हणाले. "जुना कचरा खणायचा, वाळवायचा, मोठमोठ्या चाळण्यांतून काढायचा. माती वेगळी, दगडविटा वेगळ्या, प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या. बायोमायनिंग म्हणतात."

"म्हणजे आम्ही गहू निवडतो तसं."

"तसंच. फक्त गहू पन्नास वर्षांनी निवडायला घेतलेत."

मग नाना सुटलेच. मुलुंड बंद झालं म्हणजे कचरा थांबला असं नाही, तो सरकला. मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरला जातो, आणि विक्रोळी-भांडुपकडची माणसं आता आपल्यासारखीच नाकं धरतात. देवनारचं तर १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली, तेव्हा कित्येक दिवस धूर होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तिकडे गोराईला मात्र डम्पिंग बंद करून, वर माती टाकून हिरवळ केली; बोरिवलीकर त्याचं कौतुक सांगतात.

बंड्या सगळं ऐकत होता. त्यानं एकच विचारलं, "माझं केळं पण आहे तिथे?"

"तुझं कांजूरला," नाना म्हणाले. "माझी मुलुंडला."

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मुलाला 'पृथ्वी वाचवा' सांगून काही कळत नाही. पृथ्वी फार मोठी आहे. पण माझं केळं कुठे गेलं, हे त्याला अगदी नीट कळतं. म्हणून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एक मोठी मातीची कुंडी घेतली, तुळशीची, तडा गेलेली. त्यात पोरांनी आपापल्या हातांनी पाच वस्तू पुरल्या. केळ्याची साल. पिंपळाचं पान. वर्तमानपत्राचा चौकोन. जुन्या सुती गंजीफ्रॉकची चिंधी. आणि वेफर्सचं रिकामं पाकीट, चंदेरी बाजू वर. प्रत्येकाशेजारी एकेक काडी रोवली. चिमीनं वहीत पाच चित्रं काढली. "दिवाळीच्या आधी उघडायचं. तोवर कुणी उकरायचं नाही." बंड्यानं दुसऱ्याच दिवशी उकरलं, ते सोडा.

मधल्या काळात एक रविवार कागदाचा झाला आणि साफ फसला. जुने पेपर फाडायचे, हे काम पोरांना इतकं आवडलं की नानांचा त्या दिवशीचा पेपरही गेला. रात्रभर भिजवले, सकाळी हातांनी कुस्करले. लगदा कोपरापर्यंत. हा हाताचा भाग खरा. ज्यानं तो लगदा चिवडला, त्याला कागद म्हणजे धागे हे सांगावं लागत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांकडून एवढंच करून घ्यावं, मिक्सर आपण चालवावा. मी वहिनींचा मिक्सर मागितला. "माझ्या चटणीच्या भांड्यात पेपर?" असं म्हणून त्यांनी जुनं भांडं दिलं, ज्याचं पातं फिरतच नव्हतं. शेवटी खलबत्त्यानं भागवलं. फुटक्या फोटोफ्रेमला डासांची जाळी ठोकली, तीवर लगदा पातळ पसरला, वरून स्पंजनं पाणी टिपलं, आणि जुन्या धोतरावर पालथा केला. चिमीनं त्यात झेंडूच्या पाकळ्या चिकटवल्या. राखाडी, जाड, पण कागद!

पण श्रावणात मुंबईत कागद वाळतो होय? पंख्याखाली ठेवला, इस्त्री फिरवली, चौथ्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी. चिमी रडली. बंड्या खूश झाला, त्याला वाटलं आपण गवत लावलंय.

तेव्हा वहिनी पहिल्यांदा शिकणाऱ्याच्या बाजूनं शिकवणाऱ्याच्या बाजूला आल्या. "बाई, तुम्ही लगद्यात मेथी घातली नाहीत का?"

"मेथी?"

"माझी आई मे महिन्यात करायची. रद्दी भिजवायची, उखळात कांडायची, त्यात मेथ्या भिजवून वाटून घालायची. मेथीनं चिकटपणा येतो आणि कसर लागत नाही. पालथ्या कळशीवर तो लगदा थापायचा, उन्हात वाळला की सोडवून घ्यायचा. झाली टोपली! आमच्याकडे लसूण त्यातच असायचा. वीस वर्षं टिकल्या हो. पण ते सगळं उन्हात. पावसात कोण करतं असले उद्योग?"

घ्या! मी प्रशिक्षण घेतलेली, आणि खरी शिक्षिका भिंतीच्या पलीकडे बावीस वर्षं लसूण सोलत होती. ठरलं, टोपली ऑक्टोबरच्या उन्हात.

त्यावरून मग जुनं जुनं निघालं. जुन्या साड्यांवर भांडी देणारी बोहारीण. सहा नऊवारींची गोधडी. वह्यांची कोरी पानं फाडून शिवलेली कच्ची वही. आजही आमच्या दोघींच्या मोरीतल्या टाइल्सवर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिकटवलेल्या असतात, वाळायला. सून म्हणते, "आई, किती वाईट दिसतं!" दिसू दे. पिशवी कोपऱ्यात कापताना तुकडा पूर्ण तोडायचा नाही, तसाच लटकत ठेवायचा, हे चिमी आता शिकली आहे. तो नखाएवढा तुकडा एकदा सुटला, की कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात.

भाद्रपदात आमचा भंगारवाला परीक्षक म्हणून आला. पोरांना सांगितलं, आज तुम्ही दुकानदार. जे विकलं जाईल ते तुमचं. दोघांनी आठवडाभर जमवून ठेवलेलं मांडलं. त्यानं एकेक वस्तू उचलली. पुठ्ठा, घेतला. पेपर, घेतला. साधी बाटली, घेतली. दुधाच्या पिशव्या, धुतलेल्या म्हणून घेतल्या. एक न धुतलेली होती, ती नाकाला लावून परत केली. बंड्या लाजला. बिस्किटाचा आतला चकचकीत कागद, नाही. वेफर्सचं पाकीट, नाही. पेंग्विन, पुन्हा नाही.

"का नाही?" बंड्या.

"बेटा, इसमें दो माल चिपके हैं," तो म्हणाला. "कौन अलग करेगा?"

एवढ्याशा वाक्यात सगळं आलं. त्या पाकिटात प्लास्टिकच्या थरांवर ॲल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा असतो, सुटता सुटत नाही. आपलं ज्यातलं खाणं सगळ्यात लवकर संपतं, त्याचीच गत सगळ्यात अवघड. भंगार फिरत फिरत धारावीच्या तेरा कंपाऊंडसारख्या ठिकाणी पोचतं, तिथे ते हातांनी निवडलं जातं. पण पाकीट तिथवर जातच नाही, कारण पहिल्याच माणसानं नाकारलेलं असतं. बंड्याला सोळा रुपये मिळाले. पेंग्विन परत घरी आला.

त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली ती सांगते, म्हणजे गप्पा नुसत्या गमतीच्या राहणार नाहीत. आमच्या सोसायटीचा कचरा गोळा करायला येतात त्या मावशींच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. कुणीतरी फुटलेला पेला तसाच ओल्या कचऱ्यात टाकला होता. चिमी नेमकी दारात. तिला आम्ही कायम म्हणत आलो, "कचऱ्याला हात लावू नकोस, शी!" तिनं मावशींचा अंगठा बघितला, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. दुपारी तिनं आणि बंड्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लाल खडूनं 'काच' असं लिहून वीस चिठ्ठ्या केल्या आणि दोन्ही इमारतींत घरोघर वाटल्या. बंड्याचा 'च' उलटा आहे. कुणी सुधारायला गेलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे काच पेपरात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून जाते. आणि पोरांसाठी आमचा नियम एकच झाला: काच, ब्लेड, औषधांच्या पट्ट्या, बँडेज, डायपर याला हात नाही, बाकी सगळ्याला हात, आणि नंतर साबण.

मावशींशी बोलताना मला 'स्त्री मुक्ती संघटने'ची आठवण झाली. 'मुलगी झाली हो' नाटकवाल्या ज्योती म्हापसेकरांची संघटना. कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी त्यांनी 'परिसर विकास' काढला. त्या बायकांना तिथे 'परिसर भगिनी' म्हणतात. खतप्रक्रिया, बायोगॅस सगळं शिकवतात. नाव बदललं की काम तेच राहतं, पण आपण दारात उभं राहून बोलतो तो सूर बदलतो.

"आपल्याला हे खत-बित करायची काय सक्ती नाही ना?" वहिनींनी विचारलं. त्यांना सगळ्याच्या शेवटी सक्ती आहे का ते हवं असतं.

नाना तयारच होते. २०१६ च्या नियमांनी ओला-सुका वेगळा करणं प्रत्येकाला सक्तीचं केलं. ओल्याचं खत आपल्याच आवारात करा, असं महापालिकेनं २०१७ मध्ये मोठ्या सोसायट्यांना सांगितलं, ज्यांचं आवार वीस हजार चौरस मीटरच्या वर किंवा रोजचा कचरा शंभर किलोच्या वर.

"आपण छोटे म्हणून सुटलो!"

"हो, छोटे म्हणून सुटलो," नाना म्हणाले. "घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९७ च्या सुमाराला कुठे सक्ती होती? गल्लीतली माणसंच एकत्र आली, कचरा वेगळा केला, खत केलं, गल्ली झाडली. त्यावरूनच पुढे पालिकेची एएलएमची, म्हणजे गल्लीनं आपला परिसर आपणच सांभाळायची, योजना सगळ्या मुंबईत गेली. एका गल्लीवरून."

वहिनींच्या मनाला हे लागलं. मुलुंडनं घाटकोपरकडून शिकायचं म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी भिंतीलगत एक जुना रंगाचा डबा, भोकं पाडलेला, विटांवर ठेवलेला. तळाला नारळाच्या शेंड्या, मग वाळका पाला, मग भाज्यांची देठं, मग पुन्हा पाला, आणि वरून आंबट ताकाचा शिपका. हलवायचं काम पोरांचं. ओलं झालं की वास येतो, मग पाला घाला. कोरडं झालं की काम थांबतं, मग पाणी शिंपडा. एवढाच मंत्र. पहिल्या आठवड्यात चिलटं झाली, सेक्रेटरीनं नोटीस लावली. तिसऱ्या आठवड्यात वास गेला, तेव्हा नोटीस लावणाऱ्याची बायको गुलाबासाठी खत मागून गेली. आता कुंड्यांवरून दोन्ही सोसायट्यांत नवं भांडण आहे, पण ते जाऊ द्या.

टाकाऊतून खरं शिकणं कसं असतं, ते पुण्यात दिसतं. तिथल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांची विज्ञान शोधिका आहे, पुलंच्या स्मरणार्थ सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून उभी राहिलेली. तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. तिथे अरविंद गुप्तांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, यातून भूमिती. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या खेळण्यांना डोळे चिकटवलेले नसतात, टिकल्या नसतात. मोडलं तर मोडलं, पोरगं पुन्हा करतं. वहिनींच्या पेंग्विनला कुणी हात लावायचा नव्हता, कारण तो मोडला असता. शिकवणारी वस्तू कुठली, शोभेची कुठली, ते इथे कळतं.

ऑक्टोबरचं ऊन पडलं. वहिनींनी मेथ्या वाटल्या. पालथ्या पातेल्यावर पोरांनी लगदा थापला. वाकडीतिकडी, पण टोपली झाली. आता तिच्यात लसूण आहे.

आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी कुंडी उघडली. दोन्ही सोसायट्यांतली पोरं, नाना, सेक्रेटरी, आणि भिंतीवर आम्ही दोघी. चिमी खुरपं घेऊन. पहिली काडी: केळ्याची साल. काही नाही. काळी माती. बंड्यानं मूठभर मातीचा वास घेऊन पाहिला. दुसरी: पिंपळपान, नुसत्या शिरा, जाळीसारखं. तिसरी: पेपरचे दोन ओले तुकडे. चौथी: चिंधी, हात लावताच सुटली. मधेच टोमॅटोचं एक रोप उगवलेलं, जे कुणीच लावलं नव्हतं. कुणाच्या तरी कोशिंबिरीतलं बी. पाचवी काडी. चिमीनं माती झटकली. पाकीट. चंदेरी, चकचकीत, पाण्यानं धुतल्यावर त्यावरची एक्स्पायरी डेटसुद्धा वाचता आली.

"आतल्या वेफर्सची डेट संपली," नाना म्हणाले, "पाकिटाची नाही."

आम्ही हसलो. बंड्या हसला नाही. तो पाकीट उन्हात उलटसुलट करत होता.

भिंतीपाशी त्यांचा दिवाळीचा किल्ला अर्धा झाला होता. सोसायटीच्या दुरुस्तीतल्या विटा, जुनं पोतं, माती, वर हळीव पेरलेले. गेली किती वर्षं मुंबईतली पोरं हे करतात, कुणी त्याला स्पर्धेचं इंग्रजी नाव दिलं नाही. खंदकात पाणी ओतलं की जिरायचं, हे दोन दिवसांचं भांडण होतं. बंड्यानं पाकीट उभं कापून मागितलं. मी कापून दिलं. त्यानं ते खंदकात चंदेरी बाजू वर करून अंथरलं, कडेनं माती दाबली, आणि पाणी ओतलं. पाणी राहिलं.

"हे कुजत नाही ना," तो मला म्हणाला, "मग गळणार पण नाही."

कुणी त्याला सांगितलं नव्हतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग आत गेल्या, पेंग्विन घेऊन आल्या आणि नातवाला विचारलं, "हा कुठे ठेवू?"

बंड्यानं एकदा पेंग्विनकडे पाहिलं आणि खांदे उडवले. "बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?" वहिनींनी विचारलं.

त्यावर बंड्यानं पेंग्विनचं डोकं उपटलं, उरलेल्या धडात माती भरली आणि टोमॅटोचं ते रोप त्यात लावलं. डोकं अजून वहिनींच्या ओट्यावर आहे. भंगारवाला रविवारी येतो.